सनद स्थगित असताना

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या माझ्या माहेरच्या ओट्यावर दर शनिवारी सकाळी मी दोन तास बसते. समोर एक पाट, पाटावर कोरे कागद, शाईचा पॅड आणि वाचायचा चष्मा. लोक कागद घेऊन येतात, मी ते वाचते, कुठे काय लिहायचं ते सांगते, बऱ्याचदा लिहूनही देते. हे सुरू कसं झालं, मध्ये बंद का पडलं आणि रीतसर कळवून पुन्हा कसं उभं राहिलं, ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. सरकारी नोकरीतले माझ्यासारखे अनेक विधी पदवीधर ‘आपल्याला चालत नाही’ एवढं ऐकून गप्प बसतात, म्हणून.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात विधी अधिकारी आहे. नोकरीआधी तीन वर्षं इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली केली. रुजू झाले त्याच आठवड्यात जबलपूरला राज्य अधिवक्ता परिषदेकडे पत्र पाठवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करून घेतली. बार कौन्सिलचा नियम 49 तसं सांगतोच: पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की परिषदेला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. सरकारी अभियोक्त्यांचं वेगळं आहे. ते पगारी असले तरी त्यांचं कामच न्यायालयात उभं राहण्याचं, म्हणून ते वकीलच राहतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं. माझं काम टेबलावरचं. फाइलींवर अभिप्राय द्यायचे आणि खात्याच्या वकिलांना माहिती पुरवायची. त्यामुळे माझा काळा कोट वीस वर्षं कपाटात आहे.

सुरुवात हुकुमचंद मिल या इंदूरच्या कापड गिरणीपासून झाली. मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची देणी तीस वर्षांहून जास्त अडकून राहिली. डिसेंबर 2023 मध्ये 224 कोटी रुपयांचा निकाल लागला, सुमारे 4,800 कामगारांना त्याचा लाभ मिळणार होता. पण त्यातले कितीतरी कामगार तोवर वारले होते. परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिलच्या गल्ल्या अशा घरांनी भरलेल्या आहेत. वारसांना कागद हवे होते: मृत्यूचा दाखला, वारसांची सहमती, शपथपत्र. आणि नावं जुळायला हवी होती. जुन्या कागदात ‘शांताबाई’ तर आधारवर नुसतं ‘शांता’. कुठे आडनाव वडिलांकडचं, कुठे ‘राव’ लागलेला, कुठे नाही. एका ‘बाई’पायी नव्वदीला टेकलेली माणसं चकरा मारत होती.

माझे वडील मिलमध्येच कारकून होते. त्यांचे जुने सोबती आईकडे येऊन विचारायचे, ‘‘तुमची मुलगी वकील आहे ना वहिनी, जरा बघेल का?’’ मी बघायला लागले. शनिवारी सुट्टी असते, आईला भेटायला जायचंच असतं. महिन्याभरात ओट्यावर रांग लागू लागली.

आणि तिथेच माझ्याकडून चूक झाली. एका विधवा बाईंचं खातं नावाच्या फरकामुळे बँकेने रोखलं होतं. त्यांच्या वतीने मी शाखेला पत्र लिहिलं, साधं, नम्र, कोऱ्या कागदावर. शेवटी सवयीने सही केली, खाली नाव आणि त्याखाली ‘विधी अधिकारी’. ऑफिसात रोज पन्नास वेळा तशी सही होते, हाताला तेच वळण होतं. शाखेतून पडताळणीसाठी आमच्या ऑफिसला विचारणा झाली आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर मेमो. खाजगी कामासाठी पदाचा वापर केल्याबद्दल दहा दिवसांत स्पष्टीकरण सादर करावे.

त्या दहा दिवसांत मला झोप लागली नाही हे खरं आहे. त्या बाईंचं काम झालं होतं, पण माझ्या सेवापुस्तिकेत काही नोंद झाली असती तर ती पुसता आली नसती. मी स्पष्टीकरणात चूक मान्य केली. पदनाम लिहायला नको होतं, यापुढे लिहिणार नाही. ताकीद देऊन प्रकरण मिटलं. पण ओटा बंद झाला. पुढचे दोन महिने मी शनिवारी माहेरी जाणंच टाळलं. आईने फोनवर कधी त्याबद्दल विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

एका दुपारी मी आचरण नियम काढून स्वतःसाठी वाचायला बसले. दुसऱ्यांच्या फाइलींवर त्याच नियमांचे दाखले मी वर्षानुवर्षं देत आले होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या नियमांतला नियम 15 खाजगी व्यापार-नोकरीला मनाई करतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमात पुढे असंही म्हटलंय की सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम कर्मचारी पूर्वपरवानगीशिवायही करू शकतो. सरकारने थांबवायला सांगितलं तर थांबवायचं, आणि मोबदला मंजुरीशिवाय घ्यायचा नाही. म्हणजे दार उघडं होतंच. ते माझ्या त्या एका पदनामाच्या ओळीने माझ्यापुरतं बंद झालं होतं.

परवानगी लागत नसली तरी मी लेखी कळवायचं ठरवलं. मेमो मिळालेल्या माणसाने तोंडी भरवशावर राहू नये. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘क्यों छेड़ रही हो मैडम, चुपचाप करो जो करना है।’’ त्यांचा हेतू चांगला होता, पण चोरून केलेलं काम किती दिवस टिकतं? पत्रात मी पाच गोष्टी कबूल केल्या आणि त्या आजही पाळते. काम सुट्टीच्या दिवशीच करेन. पदनाम, लेटरहेड, ऑफिसचा फोन वापरणार नाही. पैसा किंवा भेटवस्तू घेणार नाही. कुठल्याही न्यायालयात वकील म्हणून उभी राहणार नाही. आणि ज्यात माझं खातं किंवा केंद्र सरकार समोर आहे, अशा प्रकरणात सल्लाही देणार नाही.

शेवटची अट मला सगळ्यात जड गेली. ओट्यावर येणाऱ्यांत अशीही माणसं असतात ज्यांचं भांडण केंद्राच्याच एखाद्या कार्यालयाशी आहे. मला उत्तर माहीत असतं. तरी मी त्यांना सांगते, ‘‘दादा, यात मला बोलता येणार नाही, पण कुठे जायचं ते लिहून देते.’’ ज्याचा पगार खाते त्याच्याविरुद्ध सल्ला द्यायचा आणि सोमवारी त्याचीच फाइल हातात घ्यायची, हे दोन्ही बाजूंना धोका देणं आहे. तो नियम नसता तरी मी तसंच वागले असते.

पत्राला उत्तर यायला अडीच महिने लागले. मध्ये एकदा फाइल प्रश्न घेऊन परत आली: ‘हे काम विधी व्यवसायात मोडते काय?’ मी चार ओळींत उत्तर दिलं की अर्ज लिहून देणं, कागद समजावणं आणि माणसाला योग्य दारापर्यंत पोहोचवणं, एवढंच मी करणार आहे, वकालतनामा नाही. अखेर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडला. त्याची झेरॉक्स मी आजही पिशवीत बाळगते.

याच काळात माझ्या चुलत बहिणीच्या मुलीशी बोलणं झालं. ती वॉशिंग्टनला तिथल्या केंद्रीय खात्यात वकील आहे आणि सुट्टीच्या दिवशी गरिबांची मृत्युपत्रं फुकट करून देते. तिच्याकडून कळलं की 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका आदेशाने केंद्रीय खात्यांना सांगितलंय की आपल्या वकिलांना स्वतःच्या वेळात अशी सेवा करायला उत्तेजन द्या. तिला न्यायालयातही उभं राहता येतं, फक्त अमेरिकी सरकार पक्षकार असेल किंवा त्याचं हित गुंतलं असेल तिथे नाही. ही मनाई त्यांच्याकडे फौजदारी कायद्यातच आहे. ज्यांची सनद दुसऱ्या राज्याची आहे अशा सरकारी वकिलांना राजधानीत फुकट काम करण्याची मुभा तिथल्या न्यायालयाच्या ज्या नियमाने मिळते, त्याचाही क्रमांक 49! ‘‘मावशी, तुमचा 49 थांबवतो आणि आमचा चालू देतो,’’ ती म्हणाली. मला वाटतं, आपल्याकडेही अशी तरतूद व्हायला हवी. हजारो पगारी विधी पदवीधर देशभर बसले आहेत. संस्थेच्या देखरेखीखाली, हितसंबंध तपासून, वर्षाला दोन-चार प्रकरणं त्यांना लढू दिली तर कोणाचं काय बिघडेल?

तोवर जे हातात आहे ते करायचं. शेरा मिळाल्यावर मी महात्मा गांधी मार्गावरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. 1987 चा विधी सेवा कायदा, त्याचं कलम 12, हे सगळं परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण समोरच्या बाकावर बसलेल्यांसाठी ते कलम काय आहे ते तिथे कळलं. स्त्री असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, दिव्यांग असेल, कोठडीतला असेल, तर उत्पन्न न बघता मोफत वकील. किती बायकांना हे माहीत नसतं! नवरा कमावतो म्हणून आपल्याला सरकारी वकील मिळणार नाही, असं समजून मंगळसूत्र गहाण टाकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. तिथेच पॅरालीगल व्हॉलंटिअरचं, म्हणजे लोकांना कायद्याची मदत करणाऱ्या स्वयंसेवकाचं, प्रशिक्षण घेतलं. माझ्या शेजारी एक अंगणवाडी सेविका आणि एक निवृत्त शिक्षक बसायचे. मानधन घेणार नाही असं लिहून दिलं आणि ओटा पुन्हा मांडला.

आता काकूंबद्दल. त्यांचं नाव लिहीत नाही. आईच्या गल्लीतल्याच, वय 74, यजमान मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. पहिल्यांदा आल्या त्या मागच्या वर्षी उन्हाळ्यात, पदराखाली एक पिवळी पिशवी धरून. आईशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसल्या, रांग संपली तरी उठेनात. मग हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, मला फक्त एवढंच विचारायचंय, दिलेलं परत घेता येतं का?’’

यजमान गेल्यावर काकूंनी घर मुलाच्या नावाने केलं होतं, नोंदणी केलेल्या दानपत्राने. सून आल्यावर काकूंची खोली गेली. मग स्वयंपाकघर गेलं. आता त्या जिन्याखालच्या जागेत झोपत होत्या आणि बहिणीकडून डबा येत होता. मुलगा बोलत नव्हता. एका ओळखीच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, रजिस्ट्री झाली म्हणजे संपलं, काही होत नाही.

मी दानपत्र मागितलं. पाच पानं, हिंदीत, रजिस्ट्रीचे कागद करून देणाऱ्या सेवा प्रदात्याकडे टाइप केलेलं. असली दानपत्रं एका साच्याची असतात: ‘दानग्रहिता के प्रेम एवं सेवा से प्रसन्न होकर...’ हे वाक्य काकूंच्या कामाचं नव्हतं, कारण त्यात झालेल्या सेवेबद्दल लिहिलंय, पुढच्या नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. पण अट असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तसं म्हटलंय, आणि हे दानपत्र पहिल्या दोन पानांवर तर कोरडं दिसत होतं.

तिसऱ्या पानावर चतुःसीमा होत्या. पूर्वेला गल्ली, पश्चिमेला अमक्याचं घर. आणि उत्तर दिशेनंतर, परिच्छेद न बदलता, त्याच दमात एक वाक्य: ‘दानग्रहिता दानदात्री की जीवनपर्यन्त सेवा-सुश्रुषा एवं भरण-पोषण करने हेतु बाध्य रहेगा।’ मी ते दोनदा वाचलं. मग बोट ठेवून काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘हे मी सांगितलं होतं त्या टायपिंगवाल्याला. लिहिलं होय त्याने?’’ इतकी वर्षं तो कागद त्यांच्या ट्रंकेत होता आणि त्यांना ठाऊक नव्हतं की त्यांचं बोलणं त्यात आहे. हिंदी वाचता येत होती त्यांना. एवढ्या बारीक अक्षरात, एवढ्या गर्दीत ते वाक्य शोधून देणारं कोणी भेटलं नव्हतं.

या कायद्याचा अर्ज एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, न्यायाधिकरणापुढे चालतो. कलम 17 म्हणतं की तिथे कोणत्याही पक्षाला वकील देता येणार नाही. काही उच्च न्यायालयांनी पुढे वकिलांना मुभा दिली आहे, पण कायद्याची रचना म्हाताऱ्या माणसाने स्वतः येऊन बोलावं अशी आहे. म्हणजे सनद नसण्याची माझी अडचण इथे अडचणच नव्हती. माझं काम काकूंना बोलतं करणं.

तीन शनिवार आम्ही अर्ज लिहिला. लिहिला म्हणजे काकूंनी सांगितला, मी उतरवला. पहिल्या शनिवारी त्या मुलाबद्दल एक वाईट शब्द लिहू देईनात. ‘‘तो तसा नाहीये हो, ऐकतो बायकोचं.’’ मी म्हटलं, काकू, तो कसा आहे ते लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं. खोली कोणत्या महिन्यात गेली, औषधांना महिन्याला किती लागतात, डबा कोण देतं. मग त्या भराभर सांगू लागल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी जपून ठेवली होती, किमतीसकट.

मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत अर्ज दाखल करायला मी गेले नाही, तो कामाचा दिवस होता. काकू भाचीला घेऊन गेल्या. पहिल्या पेशीला मात्र मी एक दिवसाची रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. रीडरने, म्हणजे तिथल्या कारकुनाने, विचारलं, ‘‘आप वकील हैं?’’ मी म्हटलं, नाही, यांच्या ओळखीची आहे. त्यांनी मान हलवली. नाव पुकारल्यावर काकू उठल्या, पदर सारखा केला आणि आम्ही ठरवलेलं एकही वाक्य न बोलता दानपत्राचं तिसरं पान पुढे केलं. पानावर पेन्सिलीने रेघ मारलेली होती. म्हणाल्या, ‘‘साहब, ये मैंने बोला था तभी लिखा इसमें। मेरा इतनाच कहना है।’’

त्यावेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वकिली सोडली नसती तर तिथे मी उठून पंधरा मिनिटं बोलले असते. त्याने काकूंचं काम अधिक चांगलं झालं असतं असं मला वाटत नाही.

आधी समेटासाठी धाडलं, तो झाला नाही. मुलाने सांगितलं की ते वाक्य साच्यातलं आहे, त्याला अर्थ नाही. त्यावर आम्ही अर्जासोबत 2 जानेवारी 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडलेला होता. तोही आपल्याच मध्य प्रदेशातला, छतरपूरच्या एका आईचा. तिने 2019 मध्ये मुलाला दानपत्र करून दिलं होतं आणि त्याच दिवशी त्याच्याकडून सांभाळाचं वचनपत्र घेतलं होतं. उच्च न्यायालयात ती हरली, सर्वोच्च न्यायालयाने दानपत्र रद्द करून ताबा परत करायला सांगितला, आणि म्हटलं की हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ तसाच उदारपणे लावायला हवा.

आदेश काकूंच्या बाजूने झाला. दानपत्र रद्द, शिवाय महिन्याला सहा हजार निर्वाहभत्ता. या कायद्यात दहा हजारांपर्यंत देता येतो. मुलगा घराच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेला, तिथे तो भाग सध्या स्थगित आहे. तिथे वकील लागतोच, आणि माझी हद्द तिथे संपते. उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे काकूंचा अर्ज मी ओट्यावर बसून भरला, कलम 12 खाली, ‘स्त्री’ या एका शब्दावर. तरुण वकील मिळाली आहे, नीट काम करते. तिला मी सगळ्या कागदांचा गठ्ठा क्रमाने लावून दिला आणि पेन्सिलीची रेघ तशीच ठेवली.

गेल्या शनिवारी काकू पासबुक घेऊन आल्या. पहिली रक्कम जमा झाल्याची ओळ छापून आणली होती. मला वाचून दाखवायला लावली, तारखेसकट. मग विचारलं, ‘‘हे पुढच्या महिन्यालाही येणार ना? नाही आलं तर?’’

मी सांगितलं, नाही आलं तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, वॉरंट निघतं, तरी दिले नाहीत तर महिनाभर कैदही होऊ शकते. पण रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्याची वसुली होत नाही.

काकूंनी पाटावरचं पेन उचललं, पासबुकच्या आतल्या कव्हरवर ‘3 महिने’ असं लिहिलं, आणि खाली या महिन्याची तारीख घातली.